सर्पिल, मळसूत्र की पदर?

(नागपूरकरांच्या गप्पा; बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांच्या वस्त्या)

धरमपेठ: लेकीची परीक्षा जवळ आली आहे. क्लासच्या नोट्समध्ये डीएनएला, म्हणजे पेशीत आनुवंशिक माहिती साठवणाऱ्या रेणूला, ‘द्विसर्पिल’ म्हटलंय. ती म्हणाली, “बाबा, सर्पिल म्हणजे मच्छर अगरबत्तीसारखं नं?” मी गप्प. जाणकारांनी सांगावं.

महाल: पोरीची शंका रास्त आहे. सर्पिल मधल्या बिंदूपासून दूर दूर जात फिरतं, जिलबीसारखं. डीएनए तसा नाही. त्याची जाडी सुमारे २ नॅनोमीटर, आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढीच. अशा वळणाला आपल्याकडे जुना शब्द आहे: मळसूत्र. मळसूत्री जिना आठवा. घरातला साधा स्क्रू उभा धरून बघा, समोरचे आटे डावीकडून उजवीकडे चढताना दिसतील. पेशीत सहसा सापडणाऱ्या डीएनएचं वळणही असंच, उजवं. ३९ वर्षं शिकवलं, पण वर्गात मीही सर्पिलच म्हणत आले!

इतवारी: मॅडम, स्क्रू तर एकटाच राहते. इथं दोन आहेत नं? आमचं दोरीचं दुकान आहे. पोळ्याच्या आधी लोकं दाव्यांसाठी येते, पदर मोजून घेते. दुपदरी म्हणा की सरळ.

महाल: भाऊ, ‘पदर’ एकदम मान्य. फरक एवढाच की तुमच्या दाव्यात पदर पिळामुळे धरून राहतात, इथे समोरासमोरच्या जोड्यांमुळेही. या जोड्या पदरांवरच्या चार घटकांच्या: ॲडेनिन–थायमिनमध्ये दोन हायड्रोजन बंध, म्हणजे हलके दुवे, ग्वानिन–सायटोसिनमध्ये तीन. शिवाय दोन्ही पदरांच्या दिशा उलट.

धरमपेठ: मग आरएनए, डीएनएचा भाऊबंद, तो एकपदरी?

महाल: बहुतेक वेळा. पण ताणलेली सुतळी डोळ्यांपुढे आणू नका. तो स्वतःवरच दुमडतो, जुळेल तिथे आपल्याच अंगाशी जोड्या लावतो. थायमिनच्या जागी त्यात युरॅसिल.

इतवारी: सुतळीला जास्त पीळ बसला तर तीही अशीच गुंडाळते.

महाल: दिसायला तसंच, कारण वेगळं.

सक्करदरा: माझा एक शब्द घ्या: नक्कल. तहसीलमध्ये सातबाऱ्याची नक्कल मिळते, दप्तर कोणी घरी नेऊ देत नाही. डीएनए केंद्रकात राहतो, हव्या तेवढ्या भागाची नक्कल घेऊन संदेशवाहक आरएनए बाहेर रायबोसोमकडे जातो, तिथे तिच्यावरून प्रथिन तयार होतं. या नक्कल काढण्याला पुस्तकात ‘प्रतिलेखन’ म्हणतात; तो शब्द ऐकला की माझ्या डोक्यात काहीच उभं राहत नव्हतं.

महाल: छान! फक्त ही नक्कल काम झालं की मोडून टाकतात, फाइलला लावत नाहीत.

धरमपेठ: लेकीने वहीत ‘दुपदरी मळसूत्र’ लिहिलंय. शेजारी बारीक अक्षरात ‘द्विसर्पिल’, मार्कांपुरतं.