मणिकरणला एक रात्र राहाच

कुणीतरी विचारलंय, हिमाचलमधल्या कसोलला मुक्काम करून जवळचं मणिकरण, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं तीर्थक्षेत्र, तासाभरात उरकता येईल का? अंतर जेमतेम चार किलोमीटर, त्यामुळे येईल. पण तसं करू नका. आम्ही तेच केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मणिकरणला गेलो.

पहाटे गाव नुसतं वाफेत असतं. खाली पार्वती नदीचं बर्फगार पाणी आणि काठावरच्या कुंडात खदखदणारं! शिवमंदिराजवळच्या कुंडात तांदळाच्या-हरभऱ्याच्या पुरचुंड्या दोरीने सोडतात. आमच्या पुरचुंडीतला भात वीस-पंचवीस मिनिटांत शिजला. मीठ-बीठ काही नाही, तरी गरमागरम तसाच खाल्ला. गुरुद्वाऱ्याच्या लंगरचं बरंचसं जेवणही याच पाण्यावर शिजतं. सासूबाईंना पार्वतीदेवीच्या हरवलेल्या कर्णमण्याच्या गोष्टीपेक्षा या फुकटच्या गॅसचंच जास्त कौतुक.

आंघोळीसाठी गुरुद्वाऱ्यात बायका-पुरुषांची वेगळी कुंडं आहेत, त्यांत गार पाणी मिसळलेलं असतं. उघड्या कुंडात मात्र चुकूनही हात घालू नका, लहान मुलं असतील तर धरूनच ठेवा. फरशीही काही ठिकाणी चांगलीच तापते. मी अनवाणी अक्षरशः नाचत गेले. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा.

आणि हो, वज्रेश्वरीच्या कुंडात बसता तसं तासभर डुंबत बसू नका. मला दहा मिनिटांत गरगरलं होतं.