बावन्नाव्या वर्षी पहिली कादंबरी

पन्नाशी उलटल्यावर पहिलीच फँटसी कादंबरी कोण छापणार, असं विचारलंत. मला लगेच रिचर्ड ॲडम्स आठवला. इंग्लंडमधला सरकारी नोकर. मोटारीच्या लांबच्या प्रवासात दोन मुलींना सशांची गोष्ट सांगितली आणि त्यांनीच ‘लिहून काढा’ म्हणून पिच्छा पुरवला.

लिहून झाल्यावर नकारांची रांग. कारण काय, तर मोठी मुलं सशांची गोष्ट म्हणून नाक मुरडतील आणि लहानांना भाषा झेपणार नाही! शेवटी रेक्स कॉलिंग्ज या छोट्या प्रकाशकाने १९७२ साली ‘वॉटरशिप डाउन’ छापली. पहिली आवृत्ती अवघी २,५०० प्रतींची, लेखकाचं वय ५२.

मला मात्र वयापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप वाटतं. त्यातला हेझल आणि दांडगा बिगविग हे ससे ॲडम्सने दुसऱ्या महायुद्धात जवळून पाहिलेल्या अधिकाऱ्यांवर बेतलेत. म्हणजे ऐन विशीत जमवलेला ऐवज तीसेक वर्षं तसाच मुरत पडला होता. तुमच्या नोकरीतही असे दोनचार ससे भेटले असतीलच (आणि कोल्हे तर नक्कीच).

हो, आणि त्याने नोकरी सोडली ती १९७४ मध्ये, पुस्तक चालल्यावर. तुम्ही राजीनाम्याची घाई करू नका.