विषय: सांगलीचा कॉम्प्युटर उठत नाही, आतलं सगळं हवंय

प्रेषक: दिवाळी अंक समिती

मंडळी, नमस्कार.

विश्रामबागेत आमच्या बाबांचा डेस्कटॉप सुरूच होत नाहीये. विंडोजचं चिन्ह येतं, 'ऑटोमॅटिक रिपेअर' म्हणतं, पडदा काळा होतो, की पुन्हा पहिल्यापासून. अंकासाठीचे त्यांचे लेख आणि आजोबांच्या रोजनिशीची टाइप केलेली पानं त्यातच आहेत. दुरुस्तीवाला म्हणतो, "काका, फॉरमॅट मारून देतो, तासाभरात चकाचक." बाबा जवळजवळ तयार झालेत. भाचा वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजला शिकतो, तो हाताशी आहे. त्याला काय सांगू?

प्रेषक: माजी खजिनदार

ताई, आधी सांगलीला फोन करून तो फॉरमॅट थांबवा, त्यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. मेल नंतर वाचलात तरी चालेल.

विंडोज उठत नाही म्हणून फाइली गेल्या असं होत नाही, त्या बहुधा जागच्या जागी असतात. त्या दुरुस्तीवाल्याचंही खोटं नाही, त्याचं काम मशीन चालू करणं. आपलं काम वेगळं आहे आणि ते आधी व्हायला हवं.

भाच्याला मशीन चालू करून फोन कॅबिनेटला टेकवायला सांगा, तुम्ही इकडून ऐका. ठरावीक अंतराने टक्-टक् किंवा खरखर आली तर लगेच बंद करायचं. मग चेकडिस्कसुद्धा (विंडोजची डिस्क तपासणी) चालवायची नाही, कारण ती आजारी डिस्क पूर्ण पिंजून काढते आणि वर तिच्यावर लिहिते. आवाज नाही पण वाचताना अडखळते, अशा डिस्कची 'डीडीरेस्क्यू' या प्रोग्रॅमने दुसऱ्या मोठ्या डिस्कवर प्रत काढतात. ते चांगला भाग आधी उचलतं, अडलेला मागे ठेवतं. पण टक्-टक् किंवा खरखर असेल तर घरी प्रयोगच नकोत, डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

आवाज नेहमीसारखा असेल तर सोपं आहे. भाच्याच्या लॅपटॉपवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) 'रूफस' या प्रोग्रॅमने चढवायचं (पेनड्राइव्ह पुसला जातो). मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायला, सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबायची: डेलला एफ१२, एचपीला एफ९, असेंबल्ड असेल तर मदरबोर्ड बघून, एसूसला एफ८, गिगाबाइटला एफ१२. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कला हात लावत नाही. फक्त पडद्यावर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चित्र दिसेल, त्यावर चुकूनही क्लिक नको! विंडोज नीट बंद झालं नव्हतं, डिस्क फक्त वाचता येईल, असा निरोप आला तर घाबरू नका. आपल्याला वाचायचीच आहे. 'यूझर्स'मध्ये बाबांच्या नावाचा फोल्डर अख्खा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. आपल्या वडीलमंडळींचं सगळं डेस्कटॉपवरच असतं, तेवढं नक्की आलंय ना बघा.

आणि बाबा श्रीलिपीत (स्वतःचे वेगळे फाँट वापरणारं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाइप करत असतील तर विंडोजमधला 'फाँट्स' फोल्डरही उचला. नाहीतर फाइल मिळेल, उघडेल आणि रोजनिशीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. हे कुणी सांगत नाही.

प्रेषक: क्रीडा समिती

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी जोड. विंडोज ११ मध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप बिटलॉकरने (विंडोजचंच डिस्क-कुलूप) कुलूपबंद असते. ४८ आकडी किल्ली लागते, ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. आत्ताच लिहून ठेवा.

काका, एक विचारायचं होतं. आमच्या गावभागातल्या घरी २०१९ च्या महापुरात भिजलेली डिस्क माळ्यावर पडून आहे. मिंट चालेल का?

प्रेषक: माजी खजिनदार

नाही! तिला वीजच लावू नका. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फुटांची. तो गाळ डिस्कच्या हवेच्या बारीक भोकातून आत जातो, वाळून तबकड्यांवर बसतो. तबकडी एकदा फिरली की वाचणारं डोकं त्या गाळावर घासून ती खरवडतं. आत लग्नाचे फोटो वगैरे असतील तर धूळ नसलेली 'क्लीन रूम' असलेल्या डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत पाठवा. खर्च बराच येतो, आधी अंदाज घ्या.

प्रेषक: दिवाळी अंक समिती

काका, आवाज ठीक निघाला आणि फाइली आल्या! भाच्याने पेनड्राइव्ह लावला तेव्हा बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, म्हणे. लेख श्रीलिपीतलेच आहेत, फाँट टाकल्यावर व्यवस्थित वाचता येतात. अंकाला युनिकोड (खास फाँटशिवाय कुठेही दिसणारं मराठी) लागतं, कुणाकडे श्रीलिपीतून बदलून देणारा चांगला कन्व्हर्टर आहे का? जोडाक्षरं आणि रफार तुटतात, ते मी हाताने नीट करेन. आता बाबा म्हणतात, "मार म्हणावं फॉरमॅट."