स्वयंचलित इन्सुलिन पंप: साध्या ओपीडीने सेटिंगला हात लावावा का?

मधुमेहतज्ज्ञ, घोडबंदर रोड:
स्वयंचलित पंपाचा (सेन्सरने साखर मोजून इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा) रुग्ण आला की 'कंपनीच्या ट्रेनरला विचारा' म्हणून सोडून देणं थांबायला हवं. जो इन्सुलिन लिहितो, त्याने या पंपाचा रिपोर्ट वाचायला आणि सेटिंग बदलायलाही शिकावं. १४ दिवसांचा रिपोर्ट काढा. सेन्सर किमान ७० टक्के वेळ चालू होता का, ते आधी. मग ऑटो मोड (पंप स्वतःच डोस ठरवतो ती स्थिती) किती वेळ टिकला. त्यानंतर साखर: ७० ते १८० मधला वेळ ७० टक्क्यांच्या वर, ७० खालचा ४ टक्क्यांच्या आत. जुन्या पंपाची सवय असलेले इथेच फसतात. मिनिमेड ७८०जी हा पंप ऑटो मोडमध्ये असताना बेसल दर (दिवसभर थेंबथेंब जाणारं इन्सुलिन) किंवा करेक्शन फॅक्टर (एक युनिट साखर किती उतरवतं) बदलून काहीच होत नाही. तिथे हातात राहतं ते साखरेचं टार्गेट (१००, ११० किंवा १२०), इन्सुलिन सक्रिय राहण्याचा काळ आणि कार्बचं गुणोत्तर (किती ग्रॅम कार्बोहायड्रेटला एक युनिट). तीनच गोष्टी, आणि त्या शिकता येतात.

फॅमिली फिजिशियन, कळवा:
सर, सपशेल असहमत. क्वचित दिसणाऱ्या यंत्रावर हात बसत नाही, आणि रिपोर्ट फसवा असतो. जेवणानंतर रोज २५० दिसली की कोणीही १:१० चं गुणोत्तर १:८ करेल. पण बोलस (जेवणासाठीचं इन्सुलिन) जेवण आटोपल्यावर दिलेलं असेल तर? साखर चढताना पाहून पंपाने इन्सुलिन आधीच वाढवलेलं असतं, त्यावर पूर्ण बोलस पडतं आणि दोन-तीन तासांत साखर कोसळते. गुणोत्तर कडक केलं की आणखी खोल. आमच्यासारख्यांनी पंप बंद पडल्यावर काय करायचं तेवढं पक्कं शिकावं. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. कॅन्युला (कातडीखालची बारीक नळी) वाकली की अंगात साठा राहत नाही, काही तासांत कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी आम्लं) चढतात. करेक्शननंतरही (चढलेली साखर उतरवायच्या डोसनंतरही) तास-दीड तास साखर २५० च्या वर अडली तर रक्तातले कीटोन तपासा. ०.६ किंवा जास्त असतील तर करेक्शन इन्सुलिन पेनने द्या, पंपाने नव्हे, आणि मग सेट (नळी आणि कॅन्युला) बदला. ३ च्या वर किंवा उलट्या सुरू असतील तर थेट हॉस्पिटल.

मधुमेह शिक्षिका, वाशी:
डॉक्टर, त्या पेनच्या डोसबद्दल पंपाला काही कळत नाही, हे राहिलं. ऑटो मोड चालूच राहिला तर तो वरून आणखी इन्सुलिन देतो. म्हणून त्या डोसचा असर ओसरेपर्यंत, साधारण चार तास, पंप मॅन्युअलवर ठेवा.

आणि पेन जवळ नसलं की खरा धोका सुरू होतो. पंपाच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० युनिट असतात. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे लाल टोपीची, मिलिलिटरला ४० युनिट धरून खुणा केलेली सिरिंज मिळते. तिच्यात १० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात २५ युनिट जातात. १०० ची सिरिंज नारिंगी टोपीची, हे रुग्णाला दाखवून सांगावं, नुसतं लिहून नाही.

कमी साखरेचंही तसंच. १५ ग्रॅमचा नियम पेनवाल्यांचा. ७० खाली जाईपर्यंत पंपाने बेसल थांबवलेलं असतं, म्हणून बहुधा ५ ते १० ग्रॅम, म्हणजे एक-दोन चहाचे चमचे साखर पुरते. नुकतंच मोठं बोलस गेलं असेल किंवा व्यायाम चालू असेल तर मात्र जास्त लागते. एरवी १५ ग्रॅम दिले की साखर उसळते, पंप पुन्हा इन्सुलिन ओततो आणि झोका सुरूच राहतो.

मधुमेहतज्ज्ञ, घोडबंदर रोड:
उशिरा दिलेल्या बोलसचा मुद्दा मान्य, पण तो शिकण्याच्याच बाजूचा आहे. रिपोर्टात बोलसची वेळ आणि साखरेची चढण एकाखाली एक दिसतात. चढण आधी असेल तर गुणोत्तराला हात लावायचा नाही. जेवणाच्या १५ मिनिटं आधी बोलस द्यायला सांगायचं, अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला तर निम्मेच कार्ब टाकायला. वाटीभर, म्हणजे १५० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण ४० ग्रॅम कार्ब असतात. हा अंदाज इथला फिजिशियन ट्रेनरपेक्षा नीट समजावेल.

फॅमिली फिजिशियन, कळवा:
सल्ला देऊ. टार्गेट १२० वरून ११० सुद्धा करू, पण ७० खालचा वेळ ४ टक्क्यांच्या आत असेल तरच. गुणोत्तर तज्ज्ञाकडेच राहू द्या.

मधुमेह शिक्षिका, वाशी:
मग तज्ज्ञांनी प्रत्येक रुग्णाला एक कार्ड लिहून द्यावं: पंप बंद झाल्यास लाँग ॲक्टिंग (दिवसभर टिकणाऱ्या) इन्सुलिनचा डोस (बहुधा रोजच्या एकूण इन्सुलिनच्या निम्म्याच्या आसपास), एमआरआयच्या खोलीबाहेर पंप आणि सेन्सर दोन्ही काढून ठेवायचे, सेट दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा. इथल्या दमट हवेत आणि लोकलच्या गर्दीत चिकटपट्टी सुटते, तेव्हा अंगाला सेट अजून चिकटलेला आहे का हे ओपीडीत कपडा वर करून बघा. रिपोर्ट त्याच्या नंतर.