विषय: नऊ महिन्यांची लेक, जानेवारी आणि सातारा

प्रेषक: माचीपेठकर

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या आरतीत ज्यांच्या बाळाने सुरुवातीपासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत भोकाड पसरलं होतं, ते आम्ही. त्यामुळे ओळख करून द्यायची गरज नसावी.

जानेवारीत लेकीला घेऊन अमेरिकेहून पहिल्यांदाच घरी निघालोय. तेव्हा ती नऊ महिन्यांची असेल. माझं घर साताऱ्यात माची पेठेत, बायकोचं माहेर सांगलीला विश्रामबागेत. माझ्या आईबाबांनी नातीला अजून फक्त फोनवर पाहिलंय. सुट्टी तीन आठवडे. सध्याचा बेत असा: मुंबईला उतरून रातोरात सातारा, संक्रांतीनंतर बोरन्हाण, मग पालीचा खंडोबा (आमचं कुलदैवत), सांगलीचा गणपती, कोल्हापूरची अंबाबाई, परत सातारा, एक दिवस महाबळेश्वर, जाता जाता पुण्यात तीन आत्यांकडे जेवण. बायकोने यादी वाचली आणि काही न बोलता मला परत दिली.

ज्यांनी तान्ह्या बाळाला घेऊन हा प्रवास केलाय त्यांनी विमान, रस्ता, खाणंपिणं, औषधं, जे सुचेल ते लिहावं.

---

प्रेषक: वाईकर

दादा, एवढी गावं तर निवडणुकीतला उमेदवारही तीन आठवड्यांत उरकत नाही. वहिनी बोलल्या नाहीत हे त्यांचे उपकार समजा.

आधी कागद. लेकीचा पासपोर्ट झाला का? सोळा वर्षांखालच्या मुलांचा अर्ज करताना आईबाप दोघांनी बाळासकट समक्ष जायचं असतं. पासपोर्ट आल्याशिवाय ना व्हिसा, ना ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड). ओसीआय हातात पडायला आठवडे जातात. तेव्हा उशीर झाला असेल तर या खेपेला ई-व्हिसावर जा आणि ओसीआय परत आल्यावर निवांत करा.

विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं. त्याचं तिकीट साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के, वर कर. पाळणा लावता येतो ती पुढच्या भिंतीजवळची जागा फोन करूनच मागा. वजनाची मर्यादा कंपनीगणिक बदलते आणि नऊ महिन्यांचं गुटगुटीत मूल त्यात मावेलच असं नाही. वजन सांगून विचारा. सीटबेल्टचा दिवा लागला की पाळण्यातून बाळ उचलून मांडीवर घ्यावं लागतं. हा दिवा बाळाला झोप लागल्यावरच लागतो.

चढताना आणि उतरताना पाजत राहा, गिळलं की कानाचा दडा सुटतो. विमान खाली यायला जमिनीला टेकण्याच्या बरंच आधी लागतं, त्यामुळे शेवटच्या घोषणेची वाट बघू नका. दूध, फॉर्म्युला आणि बाळाच्या पाण्याला इथल्या तपासणीत शंभर मिलिलिटरचा नियम लागत नाही. मात्र बॅगेतून वेगळं काढून सांगायचं. स्ट्रोलर विमानाच्या दारात दिला तरी मुंबईत तो दारात परत मिळेल याची खात्री धरू नका. बाळाला अंगाशी बांधायचं कापड हाताशी असू द्या.

आता रस्ता. मुंबई विमानतळापासून सातारा अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. रातोरात निघू नका. बाळ झोपतं हे खरं, पण ड्रायव्हरलाही झोप येते. विमानतळाजवळ खोली घ्या, सकाळी आंघोळी उरकून निघा. शिरवळला थांबा, आणि खंबाटकी घाटाच्या तोंडाशी बाळाला पोटभर पाजू नका. पुढचं मी सांगत नाही.

कारसीट इथूनच न्या. टॅक्सी ठरवताना गाडी कुठली हे विचारण्याआधी मागचे पट्टे चालू आहेत का ते विचारा. बहुतेक गाड्यांत सीटकव्हर शिवून घेतलेलं असतं आणि बकल त्याखाली गाडलेलं असतं. आमच्या ड्रायव्हरने ते सुरीने फाडून काढलं, आणि सुरूर येईपर्यंत मला ऐकवत होता की मूल आईच्या मांडीवरच नीट राहतं.

---

प्रेषक: कराडकर

वाईकरांशी असहमत. आम्ही दोन्ही मुलांना घेऊन रात्रीच गेलो. मुंबईत रहदारी नाही, ऊन नाही, उजाडताना पाचवडचा चहा. ड्रायव्हर ओळखीचा, दिवसभर झोपवून आणलेला हवा, एवढी एकच अट.

---

प्रेषक: मिरजकर

मी मुलांचा डॉक्टर आहे, पण हा सल्ला तुमच्या डॉक्टरांच्या जागी नाही. त्यांना महिनाभर आधी भेटा.

लशींबद्दल विचारा. गोवराची लस इथे वर्षाची झाल्यावर देतात, पण सहा ते अकरा महिन्यांचं बाळ परदेशी निघालं तर एक डोस आधी देतात. हा डोस हिशेबात धरत नाहीत. वर्षानंतरचे दोन्ही घ्यावेच लागतात. हेपटायटिस ए चंही याच वयात प्रवासापुरतं तसंच.

दुसरं तापाच्या औषधाचं, हे नीट वाचा. इथल्या बाटलीवर ॲसिटामिनोफेन असतं, तिकडच्या बाटलीवर पॅरासिटामॉल. औषध एकच. पण इथे ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम, आणि तिकडच्या थेंबांच्या छोट्या बाटलीत सहसा १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम. म्हणजे तिप्पट दाट. इथली मापाची पिचकारी आणि तिकडची बाटली अशी जोडी रात्री दोन वाजता झोपेत जमवू नका. इथली बाटली सोबत न्या.

जुलाब झाले तर ओआरएसची पुडी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचीच मागा आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण घाला. खोक्यातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अंगावरचं दूध थांबवू नका. पाणी उकळून गार केलेलंच, तेही गावात कुठेही गेलात तरी आपल्या बाटलीतलं.

वर्षाच्या आत मध नाही, चाटणसुद्धा नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुम्ही सातारा जिल्ह्यात चाललाय. महाबळेश्वरजवळचं मांघर म्हणजे मधाचं गाव, तिथली बाटली कोणीतरी प्रेमाने आणणारच. मधात बोट्युलिझमच्या (स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या) जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचं काही होत नाही, पण तान्ह्यांच्या आतड्यात ते रुजतात. शुद्ध मधातही असतात, त्यामुळे शुद्धतेवर वाद घालत बसू नका.

सांगलीला गेलात आणि काही लागलंच तर काळजी नको. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये दवाखाना काढल्यापासून मिरजेत डॉक्टर शोधावा लागत नाही, चुकवावा लागतो.

---

प्रेषक: शाहूपुरीची आजी

लेकीच्या बाळंतपणाला तिकडे आले होते, तेव्हापासून तुमची ही पत्रं मला येतात. बहुतेक पार्किंगबद्दल असतात. आज पहिल्यांदा कामाचं आलं म्हणून साताऱ्याहून लिहिते.

माचीपेठकर, तुम्ही स्ट्रोलर घेऊन माची पेठेत येणार? अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहता आणि चढ विसरलात? तो गाडा तिकडेच ठेवा. कडेवर घ्यायला इथे माणसं कमी नाहीत.

पण खरं सांगायचंय ते वेगळं. नऊ महिन्यांचं मूल नवीन माणसाकडे जात नाही. आमची नात आली तेव्हा दारातच मी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हात पुढे केले. तिने असा टाहो फोडला की शेजारच्या आल्या. आमचे हे तर मुलीला आणायला वाशीपर्यंत जाऊन आलेले, स्टेशनवर नव्या सदऱ्यात उभे राहिलेले, पण नात त्यांच्याकडे बघून रडते म्हणून दोन दिवस माडीवरून खाली येईनात. मोठ्या माणसाला ते फार लागतं. फोनवर रोज हसणारं मूल समोर आल्यावर तोंड फिरवतं, आणि कोणीतरी म्हणतंच, “ओळखत नाही हो आजोबांना.”

मग आम्ही युक्ती केली. ते सतरंजीवर बसले, पेपर वाचत, तिच्याकडे न बघता. शेजारी स्टीलचे रिकामे डबे मांडले. तिला हाक नाही, टाळ्या नाहीत. ती रांगत डब्याशी आली, मग डबा यांच्या गुडघ्यावर आपटायला लागली. जेवायच्या वेळेपर्यंत मांडीवर. पण त्याला सबंध सकाळ लागली, आणि ती सकाळ आमच्याकडे होती, कारण पोरांना कुठे जायचं नव्हतं. तुमच्या यादीत अशी सकाळ मला दिसली नाही.

आईबाबांना आधीच फोनवर सांगून ठेवा की ती रडेल, वयच तसं आहे. आणि दारातल्या दारात या हातातून त्या हातात देऊ नका.

बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, आल्या आल्या उरकायची घाई नको. हलव्याचे दागिने आणि काळं झबलं मोती चौकात मिळेल. दागिने घालून फोटो काढलेत की लगेच उतरवा, मूल ते चोखतंच. बोरं, शेंगा, हरभरे, रेवड्या, उसाचे करवे हे पाटाभोवती जमलेल्या पोरांच्या पुढ्यात पडू देत. लेकीच्या डोक्यावरून नुसते चुरमुरे ओता, आणि तिला लगेच उचला. मग वेचायला कितीही गोंधळ होऊ दे.

पालीला पौषातल्या यात्रेत तिला नेऊ नका. भंडारा एवढा उधळतात की मोठ्यांना डोळे उघडता येत नाहीत. देव बारा महिने तिथेच आहे.

जानेवारीत सकाळी चांगला गारठा असतो. कुंची, मोजे आणा, आणि ऊन आल्याशिवाय आंघोळ नको.

---

प्रेषक: विश्रामबागची लेक

मी माचीपेठकरांची बायको. यादी परत देणारी.

आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. फक्त हे सगळं बाबांच्या सोयीचं झालं, आता माझे प्रश्न. इथल्या आणि तिकडच्या घड्याळात हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक. म्हणजे पहिल्या आठवड्यात ही रात्री दोनला उठून खेळणार आणि सकाळी दहाला, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, झोपणार. तेव्हा तिला “दाखवायला” उठवायचं की नाही? मला पाजायला कडी लागणारी एक खोली हवीय, हे सासूबाईंना कसं सांगायचं? त्या चांगल्या आहेत, पण त्यांच्या घरात दार लावून बसलं की माणूस आजारी असावं असा समज आहे.

आणि सांगली. साताऱ्याहून सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, हायवेचं सहापदरीकरण चाललेलं. मला ते अंतर जाऊन-येऊन-जाऊन करायचं नाहीये. माझ्या आईचं म्हणणं, पहिलं नातवंड आधी आजोळी यायला हवं. सासूबाईंचं म्हणणं तुम्हाला माहीतच असेल.

शिवाय शेकशेगडी आणि धुरी. आईने आत्तापासून ओवा आणि बाळंतशेप काढून ठेवलेत. डॉक्टर, मालीश चालेल का? धुरीला नाही कसं म्हणू?

---

प्रेषक: मिरजकर

मालीश खुशाल. तिला आवडत असेल तर रोज. नाका-कानात तेल सोडायचं नाही. धूर मात्र कुठलाच नको, ओव्याचा नको आणि डासांच्या कॉइलचाही नको. पलंगावर उघडते ती छत्रीसारखी मच्छरदाणी घ्या. काजळही नको, त्यात शिसं निघतं. नऊ महिन्यांची आहे, तेव्हा गुरगुट्या भात, नाचणीची पेज, खिमट सगळं खाऊ दे. मीठ-साखर नको. कंदी पेढ्याचा कण कोणी जिभेला लावला तर भांडू नका, पण पेढ्यांचा पुडा तिच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

---

प्रेषक: शाहूपुरीची आजी

बाई गं, झोपलेल्या मुलाला उठवून दाखवायचं नाही. आलेल्यांना चहा द्या, दारातून बघू द्या.

खोलीचं तू सांगू नकोस, तुझ्या नवऱ्याला सांगायला लाव. सून बोलली की तो हट्ट होतो, मुलगा बोलला की ती सोय होते. अन्याय आहे, पण तीन आठवड्यांत तो मिटवायचा नाहीये.

आजोळाचं असं कर. तुझ्या आईबाबांना बोरन्हाणाला साताऱ्यालाच बोलव, चार दिवस राहायला. नात त्यांच्या अंगवळणी इथेच पडेल. मग त्यांच्याबरोबरच सांगलीला जा आणि तिथून थेट मुंबई गाठा, परत सातारा नाही. शेवटचे दिवस आजोळी गेले की तुझी आईही काही बोलणार नाही.

आणि धुरी, मध, काजळ या सगळ्याला एकच उत्तर दे: डॉक्टरांनी सांगितलंय. फक्त अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असं म्हणू नकोस. मिरजेच्या डॉक्टरांनी म्हण. त्यांचं सांगलीत ऐकतात.

---

प्रेषक: मिरजकर

काकू, माझं नाव बिनधास्त वापरा.

---

प्रेषक: माचीपेठकर

सगळ्यांचे आभार. यादी बायकोने दुरुस्त केली. महाबळेश्वर, कोल्हापूर आणि आत्या कापल्या गेल्या. आत्यांना साताऱ्याला बोलावलंय. तिघींनाही एकाच दिवशी, म्हणजे बाळाला एकदाच रडायला लागेल. पालीला मी एकटा जाऊन येईन. मुंबईत रात्रीचा मुक्काम ठरला, कराडकरांनी माफ करावं. सांगलीचं आजींनी सांगितल्याप्रमाणेच.

एक राहिलं. बाबांनी फोनवर विचारलं, नातीला स्कूटरवर पुढे उभी करून राजवाड्यापर्यंत फिरवून आणलं तर चालेल ना, मलाही तसंच न्यायचे. नियम कोणाला ठाऊक आहे का?

---

प्रेषक: वाईकर

२०२३ च्या फेब्रुवारीपासून चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा लागतो, नऊ महिन्यांपुढे हेल्मेटही, आणि वेग चाळीसच्या आत. पण नियम राहू द्या. जी अजून नीट उभी राहत नाही तिला पुढे उभी कशी करणार, हे बाबांना विचारा.

कारसीट घालायला मागचे पट्टे मोकळे करून देणारा साताऱ्याचा एक ड्रायव्हर माहीत आहे. नंबर खासगी मेलने पाठवतो.