यान योहान्सन ऐकायला सुरुवात कुठून करू? (बजेट ३००० रुपये)

मंद्रसप्तक
स्वीडनचा जॅझ पियानोवादक यान योहान्सन (१९३१–१९६८). ‘व्हिसा फ्रॉन उतानमीरा’ ऐकल्यापासून ती चाल डोक्यातून जात नाहीये. साधं लोकगीत, सोबतीला फक्त डबल बास, आणि मध्येच ब्लूजचा एखादा स्वर डोकावून जातो. आता एक पूर्ण अल्बम विकत घेऊन नीट बसून ऐकायचाय. मी व्हायोलिन (हिंदुस्थानी) वाजवते, पियानो येत नाही. घरी टर्नटेबल आणि सीडी प्लेयर दोन्ही आहेत. कुठला अल्बम, कशावर? सगळं मिळून ३००० रुपयांत बसायला हवं.

तबकडी
‘जॅझ पो स्वेन्स्का’ (स्वीडिश लोकचाली), १९६४, तोही एलपीवरच, म्हणजे टर्नटेबलच्या मोठ्या रेकॉर्डवर. एकूण बारा चाली. तीन हजारांत जमणार नाही, बाहेरून मागवली की टपालखर्च आणि कस्टम धरून जवळजवळ रेकॉर्डच्या किमतीइतके पैसे पुन्हा जातात. सहा हजार बाजूला काढा.
घेताना एक तपासा. पियानोचा लांब स्वर हलका वरखाली होतोय का? दर १.८ सेकंदांनी होत असेल (३३⅓च्या वेगाला एक फेरा तेवढाच असतो) तर भोक मध्यावर नाही, रेकॉर्ड परत करा. गाण्याच्या रेकॉर्डवर हे झाकलं जातं, इथे नाही. दोनच वाद्यं आहेत आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. सुईचा दाबही कार्ट्रिजच्या (सुई बसवलेला भाग) कागदावर दिलाय तितकाच ठेवा. ‘कमी दाब म्हणजे रेकॉर्डची काळजी’ हा गैरसमज आहे. दाब कमी पडला की सुई खाचेत उडते आणि खाच जास्त खराब होते.

साधासूर
एलपी कशाला? ‘फोकविसोर’ ही सीडी घ्या. त्यात ‘स्वेन्स्का’ आणि १९६७चा ‘जॅझ पो रिस्का’ (रशियन चाली) दोन्ही आहेत. हेप्टागॉनने काढलीय, म्हणजे त्याच्या मुलांची, येन्स आणि आंदेर्स यांची कंपनी. वापरलेली मिळाली तर बजेटमध्ये बसेल. माझी अजून ठणठणीत आहे.
शोधताना नुसतं नाव टाकू नका, स्वीडनमध्ये या नावाची माणसं पुष्कळ. अल्बमचं नाव जोडा.

खर्ज
अल्बम कुठलाही घ्या, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. बासची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, तो स्वर मोबाईलमधून येतच नाही. ‘स्वेन्स्का’मध्ये गेऑर्ग रीडेलचा बास म्हणजे निम्मं संगीत आहे. पियानोचा डावा हात बऱ्याचदा मूळ स्वर सोडून देतो, कारण तो बासकडे असतो. बास गेला की पियानो अर्धवट वाटतो आणि लोक म्हणतात, ‘फारच साधं आहे’. चांगले बंद हेडफोन घ्या, पंधरा हजारांपासून पुढे.

मंद्रसप्तक
हेडफोन आहेत. बजेट ३०००च आहे.

माळवा
याला जॅझ म्हणावं का, हाच प्रश्न आहे. कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांचं जे केलं तेच हे.

खर्ज
तेच नाही. कुमारजींनी धुनेतून राग उभा केला, धून बीज ठरली. योहान्सन चाल बहुतेक जशीच्या तशी ठेवतो आणि खालची हार्मनी, म्हणजे सोबतचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), बदलतो. स्वर तोच, पण खाली दुसरा कॉर्ड आला की त्याचा अर्थ बदलतो. रागसंगीतात हे होत नाही, आपला षड्ज हलत नाही.

माळवा
मी भावाबद्दल बोलतोय, तंत्राबद्दल नाही. दोघांनीही लोकसंगीत गोडगोड केलं नाही.

तबकडी
हे पटलं. पण चाली योहान्सनने गावोगाव फिरून जमवलेल्या नाहीत. ‘स्वेन्स्का लोतार’ नावाचा छापील संग्रह आहे, १९२२ ते १९४० मध्ये २४ खंड निघाले, त्यातून उचलल्या.

दाणेदार
साधासूर +१. ‘फोकविसोर’ घ्या, दोन अल्बम एकत्र मिळतात.

कणस्वर
व्हायोलिन वाजवता म्हणून लिहितो. ‘पोल्स्का’ नावाच्या चाली तीन मात्रांच्या, मूळच्या फिडलवरच्या नाचाच्या. दादरा तालासारखं मोजायला जाल तर चुकाल. काही भागांतल्या पोल्स्कात पहिली मात्रा आखूड आणि दुसरी लांब असते. योहान्सनच्या हातात ती बरीच समान होते, म्हणून आधी त्याचं ऐका आणि मग गावातल्या फिडलवाल्यांचं.
दुसरं म्हणजे कण. योहान्सन मुख्य स्वराला खालच्या अर्ध्या स्वराचा झटका देऊन लगेच बोट काढतो. पियानोवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) नाही, त्यामुळे दोन शेजारच्या पट्ट्या क्षणभर एकत्र दाबून तो मधली जागा सुचवतो. ‘उतानमीरा’त हे नीट ऐका. चाल वाजवून बघणार असाल तर आधी कण काढून वाजवा, मग एकेक घाला. सगळे एकदम घातले की लय घसरते.

साधासूर
अवांतर: उतानमीरा हे सिल्यान सरोवरातल्या सोलेरॉन बेटावरचं गाव. आणि पिप्पी लाँगस्टॉकिंग या मुलांच्या टीव्ही मालिकेचं शीर्षकगीतही याच माणसाचं.

मंद्रसप्तक
सगळ्यांचे आभार. पण मी ‘जॅझ पो उंगेर्स्का’ घेतेय, १९६८चा, हंगेरियन चालींचा. त्यात डॅनिश व्हायोलिनवादक स्वेन आस्मुसेन आहे. कणस्वर, तुमचा प्रतिसाद वाचूनच ठरलं. व्हायोलिनला मींड घेता येते, पियानोला नाही. एकच चाल दोघं शेजारी बसून वाजवतात तेव्हा योहान्सन ही अडचणीची जागा कशी सोडवतो, ते मला ऐकायचंय.

तबकडी
पहिला म्हणून चुकीचा अल्बम. ‘स्वेन्स्का’ ऐकल्याशिवाय त्याने काय बदललं ते कळणार कसं?

कणस्वर
व्हायोलिनवालीसाठी चुकीचा नाही. मंद्रसप्तक, एका वेळी एकच चाल घ्या. पहिल्यांदा फक्त आस्मुसेन ऐका, दुसऱ्यांदा फक्त पियानोचा डावा हात. आस्मुसेन जिथे स्वर ओढतो तिथे डावा हात गप्प असतो की भरतो, ते वहीत लिहून ठेवा.