रघुबीर सिंग यांचे रंग : नजर की नुसती भूल?

काळापांढरा
छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांचं मुंबईवरचं १९९४ चं पुस्तक लायब्ररीतून आणलंय. फोटो देखणे आहेत, वादच नाही. पण माणसं कुठायत? सिंग मूळचे जयपूरचे, १९६६ मध्ये तिथेच फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँना काम करताना पाहिलं. ब्रेसाँ कृष्णधवलचे, यांनी मात्र रंग धरला तो शेवटपर्यंत. १९६७ चा मुंगेरचा फोटो घ्या. पावसात बायका एकमेकींना बिलगून उभ्या आणि आपण म्हणतो काय, तर 'वा, काय फ्रेम!'

हळदीकुंकू
म्हणजे आपलं दुःख काळ्यापांढऱ्यातच शोभतं का हो? राजपूत, मुघल लघुचित्रं बघा. रंग हीच आपल्याकडची बघायची रीत, असं सिंग स्वतःच मांडायचे. आणि माणसं हवीत तर हावड्याच्या फुटपाथवरचं आरशांचं दुकान बघा, १९९१ चं. एका फ्रेममध्ये अख्खा रस्ता तुकड्यातुकड्यांनी सापडतो. ग्रे करून बघा बरं, निम्मे तुकडे एकमेकांत मिसळतील.

जुना रोलवाला
मी रंगीत फोटोंची कोडाक्रोम ६४ वापरलीय. स्लाइड फिल्म! जरा एक्सपोजर चुकलं की आभाळ पांढरंफटक, नाहीतर सावल्या काळ्याकुट्ट. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात, पळत्या गर्दीत हे जमवायचं म्हणजे... मोबाइलवाल्यांना सांगून कळणार नाही.

काळापांढरा
रोलवालेकाका, पुरणपोळी लाटायला अवघड म्हणून प्रत्येकाची चांगली होते का? भोपाळची वायुदुर्घटना आठवा, १९८४. मातीत पुरल्या जाणाऱ्या त्या बाळाचा फोटो रघु रायांनी कृष्णधवल काढला. डोळ्यांसमोरून हलत नाही.

हळदीकुंकू
आणि त्याच दफनाचा रंगीत फोटो पाब्लो बार्थोलोम्यूंचा. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत त्या वर्षीचा सर्वोत्तम फोटो तोच ठरला! तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटलं.

काळापांढरा
त्यात रंग आहे कुठे? माती आणि चेहरा.

हळदीकुंकू
मातीलाही रंग असतो, दादा.

जुना रोलवाला
भांडू नका. सिंग यांची अँबेसेडरची मालिका पाहिलीत का? गाडीच्या दारा-खिडक्यांच्या चौकटीतून पाहिलेला देश. २००२ मध्ये, त्यांच्या पश्चात पुस्तक आलं.

काळापांढरा
तेच तर म्हणतोय! गाडीतून उतरलेच नाहीत.

हळदीकुंकू
काच तर खाली होती ना? बरं, झवेरी बाजारातला १९८९ चा फोटो पाहा. आत दागिने, गिऱ्हाईक, काचेपलीकडे रस्ता. मग बोला.

काळापांढरा
पुस्तक शनिवारी परत करायचंय. बघतो त्याआधी. मत बदलेल असं नाही हां.